तिसऱ्या गाळ्यातला पिंजारी

आमच्या अवधूत कॉलनीत घरं एकेचाळीस आणि मतं निदान ब्याऐंशी. घरातली दोन माणसं एका मताची निघाली तर इथे त्यांना कमीपणा वाटतो. नंदुरबारात स्टेशनच्या पलीकडे ही कॉलनी वसली तेव्हा सोसायटीने मारुतीच्या देवळाला लागून तीन गाळे बांधले. एकात पिठाची गिरणी, दुसऱ्यात मेडिकल, तिसऱ्यात झेरॉक्सवाला. झेरॉक्सवाला मुलाकडे नाशिकला निघून गेला, शटर पडलं, आणि त्या बंद शटरकडे बघून अख्ख्या कॉलनीला स्वप्नं पडायला लागली.

स्वप्नंच म्हणायची. माघ सरत आला होता. गावाबाहेर मिरच्या वाळत पडलेल्या आणि दुपारी वारा फिरला की तो तिखट वास घराघरात यायचा. शिंका देत देत माणसं पेंगायची, आणि पेंग उडाली की एकमेकांना विचारायची, त्या गाळ्यात काय यावं? भाजी आणायला निघालेली बाई शटरपुढे दोन मिनिटं उगाच उभी राहायची. तिला आत काहीतरी दिसत असायचं.

पहिली बैठक रविवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर झाली. अध्यक्ष नवलसिंग गिरासे. तलाठी म्हणून रिटायर झालेला माणूस, मिशा अजून नोकरीतच.

"गाळा रिकामा पडेल शे," ते म्हणाले. "त्यामा काय टाकानं ते आज ठरावूत. एकेकजण बोला, बठ्ठा संगे नका बोलू."

झालं, सगळे एकदम बोलले. नवनीत सोनाराला स्वतःचं केकचं दुकान टाकायचं होतं. तो बोलायचा थांबायच्या आत केक अंड्याचा की बिनअंड्याचा यावर अर्धा तास गेला. कोणी म्हणालं मोबाईल दुरुस्ती. कोणी दूध-दही. चायनीजची गाडी नको म्हणून तिघांनी हात वर केले, खरं तर गाडीचं नाव कोणी काढलंच नव्हतं. ब्युटी पार्लरचा विषय निघाला तेव्हा पुरुष म्हणाले, काय गरज? बायका काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसलेल्या बायकांकडे बघून नवलसिंगभाऊंनी विषय बदलला.

मी एका बाजूला खुर्ची टाकून बसले होते. मी जसोदाबाई पाटील. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे कॉलनीत लहानथोर सगळे मला "बाई" म्हणतात आणि थोडे घाबरतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

शेवटी नवलसिंगभाऊंनी खिशातून एक कागद काढला. "आखो एक अर्ज शे. इद्रिस पिंजारीना. त्याना दुकान रस्ता रुंद कराना कामात गयं. त्याले गादी-रजईसाठे गाळा पाहिजे. मन्हं तं मत शे, त्याले देवो."

इद्रिसचं नाव ऐकलं आणि मी खुर्ची आणखी मागे सरकवली. सगळ्यांना मात्र ते नाव ऐकून बरं वाटलेलं दिसलं. कॉलनीतल्या निम्म्या गाद्या त्याच्या हातच्या. त्याची मुलगी महजबीन माझ्या वर्गात होती, पाढे पाठ करताना डोळे मिटायची. कौसाबाई, माझ्या शेजारची, हळूच म्हणाली, "चांगला मानूस शे." मग पुढच्या रविवारी हात वर करून ठरवायचं असं ठरलं आणि बैठक मोडली.

घरी आले तर सून रूपालीने चहा टाकलेला. रूपाली धुळ्याची, कामाला वाघ, आणि डोक्यात एकदा घेतलं की घेतलं. मुलगा ललित सुरतेला नोकरीला, शनिवारी येतो आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत जातो. बाकी घर आमच्या दोघींचं.

"बरं झालं आई," ती म्हणाली. "इद्रिसभाई कोपऱ्यावर आले की आधी तुमची गादी पिंजून घेऊ. किती दबलीय! मध्ये नुसता खड्डा पडलाय. कंबर दुखते म्हणता ना, ती त्याच्यामुळेच."

"माझ्या कंबरेचं मी बघते," मी म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की चहा उतू गेला.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आमचे आप्पा, म्हणजे माझे यजमान सुपडू पाटील, गेले. आमच्यात माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. बाराव्याच्या आत कुणा गरजवंताला देऊन टाकायचं. ते घरात राहिलं तर गेलेला जीव त्याच्याभोवती घोटाळत राहतो, असं म्हणतात. आमच्या खोलीत दोन खाटा, दोन गाद्या, दोन्हींना एकच निळ्या पट्ट्यांचं कापड. आप्पांनी आमच्या तापीकाठच्या शेतातला कापूस आणून इद्रिसकडून भरून घेतलेल्या. अकराव्या दिवशी शेतावरचा सालदार चैत्या दारात उभा राहिला. मी आत गेले, गादी ओढत बाहेर आणली आणि म्हणाले, "ही घे. आप्पांची."

ती माझी होती.

आप्पांची मी ठेवून घेतली. त्या गादीत मधोमध एक खळगा होता. तीस वर्षं एक माणूस जिथे झोपला तिथे कापूस दबून त्याच्या आकाराचा झाला होता. सगळं घर नातेवाइकांनी भरलेलं असताना मी दार लावून त्या खळग्यात अंग टाकलं होतं, आणि मला वाटलं, कुणीतरी सरकून जागा दिली. मग ती गादी देणं मला जमलंच नाही. जीव घोटाळतो तर घोटाळू दे, मला तेच हवं होतं. पण हे कोणाला सांगणार? अशुभ म्हणाले असते. ललितला तर झोप लागली नसती.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की मी त्या खळग्यात उतरते. उतरतेच म्हणायचं, कारण नुसतं झोपल्यासारखं ते नसतं. पंखा वर कुरकुरत असतो, गिरणीचा आवाज लांब लांब जातो, मिरचीचा वास नाकापर्यंत येऊन थांबतो आणि मग आप्पा येतात. काही करत नाहीत. धोतराचा सोगा सावरत बसतात. गाळा रिकामा झाल्यापासून ते गाळ्यातच दिसायला लागले होते. शटर वर केलेलं, आप्पा तराजू घेऊन बसलेले. एकदा दुकान बांगड्यांचं होतं, एकदा नुसत्या पाण्याचं. एकदा तर त्यांनी तिथे दुपार विकायला ठेवली होती, किलोवर. मी विचारलं, "कशी दिली?" तर म्हणाले, "तुले काय इकत लेवानी गरज?" आणि हसले. मी जागी झाले तेव्हा गालाला उशीची घडी उमटली होती आणि मी पण हसत होते.

त्या दुपारी मात्र, बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, ते आले आणि बोललेच नाहीत. दुकानात नुसता पांढरा कापूस भरला होता, छतापर्यंत, आणि आप्पा त्याच्या मागे होते. मला त्यांचा आवाज येत नव्हता. मी दोन्ही हातांनी कापूस उपसत होते आणि तो संपत नव्हता.

जागी झाले ती निश्चय करूनच. इद्रिस कोपऱ्यावर आला की रूपाली गादी नेणार. गादी उचलली की ती कोणाची ते त्याला कळणार, कारण भरली त्यानेच. आणि त्याने ती यंत्रात घातली की खळगा गेला. माझे आप्पा मग कुठे येणार? इद्रिस नको. बास.

पुढच्या रविवारी ओट्यावर गर्दी मावत नव्हती. इद्रिसही आला होता. पांढरी दाढी, चेक्सची लुंगी, देवळाच्या पायऱ्यांपासून जरा लांब, गिरणीच्या कट्ट्यावर अंग चोरून बसलेला. त्याच्या बाहीला कापसाचं एक फूल चिकटलेलं होतं. नवलसिंगभाऊंनी केकवाला आणि पिंजारी अशी दोन नावं सांगितली, बाकीची गळली होती. सगळा कल इद्रिसकडे होता. मी उभी राहिले.

मी घरी, बाजारात, सगळ्यांशी अहिराणीतच बोलते. पण त्या दिवशी शाळेची मराठी काढली. खोटं बोलायचं असलं की मला तीच लागते.

"माझी एक शंका आहे," मी म्हणाले. "गेलेल्या माणसांच्या गाद्या आपण दान देतो. त्या पुढे पिंजायला कुठे जातात? यांच्याकडेच ना? एकच यंत्र, एकच खोली. त्या माणसाचा कापूस आपल्या लेकराबाळांच्या गादीत जात नाही हे कोण बघायला आहे? मला कोणावर आरोप करायचा नाही. मी फक्त विचारते."

 एका बाईने मांडीवरच्या पोराला पदराखाली घेतलं. मी खाली बसले आणि मला कळलं की माझं वाक्य काही जणांना हवंच होतं. त्यांच्या मनातली अडचण वेगळी होती, इद्रिसच्या नावाची. ती तोंडाने बोलायची त्यांना लाज वाटत होती. मी त्यांना चारचौघांत सांगण्यासारखं कारण दिलं. छत्तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईने.

"इद्रिसभाई," नवलसिंगभाऊ म्हणाले, "बाई इचारी ऱ्हायनात. सांगा."

इद्रिस उभा राहिला. त्याला नाही म्हणून टाकता आलं असतं, कोण तपासायला जाणार होतं? पण तो म्हणाला, "येतस. मयतन्या गाद्याबी येतस मन्हाकडे. लोके गरीबले देतस, तो लई येस. त्यानी काय जमिनवर झोपानं? पन एक घरना कापूस दुसरा घरमा जात नही. चाळीस वरीस व्हयनात, कधी गया नही."

"या कॉलनीन्या कोन्या कोन्या उन्यात?" कौसाबाईने मध्येच विचारलं.  दोन वर्षांत कॉलनीत तीन माणसं गेली होती, त्यांत तिचे यजमानही होते.

इद्रिसने मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली, दुसऱ्याच्या घराचं दार चुकून उघडलं की आपण ओढून घेतो तशी. त्या एका नजरेत मला समजलं. त्याला माहीत होतं, आजचं नाही, फार दिवसांपासून.

"याद नही, बाई," तो म्हणाला. "कापूस एकदाव पिंजा का मंग तो कोना व्हता, कोन सांगी?"

त्याने ते मला वाचवायला म्हटलं, आणि त्याच वाक्याने तो बुडाला. लोकांनी त्यातून हवं ते घेतलं. बघा, म्हणाले, स्वतःच सांगतोय, कोणाचा ते कळत नाही म्हणून. हात वर झाले. केकवाल्याला एकोणतीस, इद्रिसला सात. मी कोणासाठीच हात वर केला नाही. केवढा तो माझा प्रामाणिकपणा!

इद्रिस सगळ्यांना सलाम करून निघून गेला. रूपाली घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खळग्यात अंग टाकलं. पंखा होता, गिरणी होती, वास होता. झोप आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी डोळा लागला, पण शटर पडलेलंच दिसलं. मी ठोठावलं. आतून कोणी ओ दिली नाही. मी कितीतरी वेळ त्या पत्र्यावर हात आपटत होते आणि रूपाली मला हलवून विचारत होती, "आई, काय होतंय?"

पाचव्या दिवशी मी रिक्षा केली आणि जुन्या गावात इद्रिसच्या घरी गेले. दुकान गेल्यापासून त्याने अंगणात ताडपत्री ताणून यंत्र ठेवलं होतं. तो एका रजईला टाके घालत होता. त्याची बायको गुलशन पाण्याचा तांब्या घेऊन आली, "बाई, आप?" म्हणाली आणि पदराने खुर्ची पुसली. तिने काही ऐकलं नसेल असं नाही. तरी तिने खुर्ची पुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती आत गेल्यावर मी विचारलं, "इद्रिस, तुले कवय पासून माहीत शे?"

त्याने सुई रजईत खोचून ठेवली. "चैत्या उना व्हता गादी लिसन. म्हने, पोरेसाठे दोन धाकल्या करी दे. मी उचली, तं हलकी. आप्पासन्या गादीमा मी आठ किलो कापूस भरेल व्हता, तुमनीमा सहा. माले तठेच समजी गयं."

"दोन वरीस! मंग कोनले सांगं का नही? त्या दिन बैठकमा तरी सांगानं व्हतं. गाळा तुले भेटता."

"काय सांगू, बाई?" तो म्हणाला. त्याला राग नव्हता, नुसतं नवल वाटत होतं. "कोन कोठे झोपस, हाई काय पिंजारीनी सांगानी गोट शे?"

मी तिथे रडले. पदर तोंडात कोंबून, त्याच्या अंगणात, कापसाच्या ढिगापाशी.  तो पुन्हा सुई घेऊन टाके घालत राहिला, आणि माझं आवरेपर्यंत त्याची एक अख्खी ओळ पुरी झाली.

परत येताना रिक्षा तशीच नवलसिंगभाऊंच्या दारात नेली. केकवाल्याशी अजून करार व्हायचा होता. "बैठक बलावा," मी म्हणाले. "माले बोलनं शे." ते म्हणाले, आता काय राहिलं बोलायचं? मी म्हणाले, सगळंच.

शनिवारी संध्याकाळी बैठक बसली. ललितही सुरतेहून आला होता, पुढेच बसला होता, आणि मला वाटलं देवा, हा तरी नसता. पण मी उभी राहिले. या वेळी शाळेची मराठी नव्हती.

"मी खोटं बोलनू," मी म्हणाले. "इद्रिस कोनाना कापूस कोनामा टाकत नही. त्यानी गादी पिंजी तं मन्ही लबाडी उघडी पडी, म्हनीसन मी त्याले नही म्हनं. आप्पासनी गादी मी देलच नही. मन्ही दिधी. त्यासनी मन्हाकडे शे. दोन वरीस व्हयनात, मी रोज तिच्यावर झोपस. माले... माले करमत नही तिनाबिगर."

इतकंच बोलता आलं.  कोणीतरी "अरे राम" म्हणालं. एका म्हाताऱ्याने मान हलवली, घरात असलं ठेवतात का म्हणून. मी ललितकडे बघितलं नाही.

मग कौसाबाई उठली. माझ्या शेजारची, सदा देवपूजेत असणारी, सोवळं-ओवळं पाळणारी कौसाबाई. ती ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि मारुतीकडे बघत म्हणाली, "मन्हाकडे त्यासनी उशी शे. कोठीमा, दायना डबाना मांगे."

कोणी हसलं नाही. डाळीच्या डब्यामागे उशी, हसण्यासारखं होतं, तरी नाही.  सगळी कॉलनी आपापल्या घरातल्या कोठ्या, पेट्या, माळे आठवत असावी असे चेहरे झाले होते. नवलसिंगभाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि कोणाचं मत न विचारता म्हणाले, "गाळा इद्रिसले. कोनी काही म्हनस?" केकवाला नवनीतच आधी म्हणाला की काही म्हणणं नाही. त्याची आई वर्षापूर्वी गेली होती. तिचं काय ठेवलं होतं ते त्याने सांगितलं नाही.

घरी येताना ललित माझा हात धरून चालत होता. लहानपणी मी त्याचा धरायचे तसा, जरा ओढत. "आई, मला सांगायचं ना," एवढंच तो म्हणाला.

फाल्गुनात इद्रिसने गाळ्याचं शटर उघडलं. गुलशनने उंबऱ्याला पाणी शिंपडलं, नवलसिंगभाऊंनी नारळ दिला. पहिली गादी माझी, असं मीच सांगून ठेवलं होतं. रूपालीने पुढून धरली, मी मागून. भर दुपारी आम्ही ती रस्त्यावरून नेली आणि दारादारातून बायका बघत होत्या. बघू देत. मी मान ताठ ठेवली, पण पाय मात्र दर पावलाला मागे ओढत होते. ठरवणं वेगळं आणि नेणं वेगळं.

इद्रिसने गादी जमिनीवर पसरली. यंत्र सुरू करायच्या आधी तो तिच्यावरून हात फिरवतो, ती त्याची पद्धत. कुठे किती दबलीय हे बघितल्याशिवाय तो खोळ उसवत नाही. त्याने डोक्याकडून सुरुवात केली, खाली आला, खळग्याच्या कडेकडेने तळवा फिरवला. मग थांबला. पुन्हा फिरवला.

"बाई," तो म्हणाला, "हाऊ खळगा आप्पासना नही शे."

"काय बोलस तू?" मी भडकलेच. "मी रोज झोपस त्यामा."

"तेच सांगी ऱ्हायनू. आप्पा भारी मानूस, पाठवर झोपेत. त्यासना खळगा लांब व्हता, रुंद व्हता. हाऊ धाकला शे, कुशीवरना. गुडघा पोटशी लिसन झोपेल मानूसना." त्याने तळवा तिथे ठेवला. "हाऊ तुमना शे. कापूस असाच ऱ्हास, बाई. ज्याना वजन पडस, त्याना व्हई जास."

मी खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून मी जमिनीवर बसत नाही, पण बसले. रूपालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मी झटकला, मग पुन्हा ओढून धरला. दोन वर्षं. ज्याच्यासाठी मी एका भल्या माणसाच्या तोंडचा घास काढला, भर बैठकीत खोटं बोलले, तो खळगा माझाच होता. मी माझ्याच कुशीत झोपत होते आणि कोणीतरी सरकून जागा देतंय असं मला वाटत होतं.

"मंग त्यासनं काहीच ऱ्हायनं नही का?" मी विचारलं. 

इद्रिसने कात्रीने खोळीची एक बाजू उसवली. आत हात घातला, पार तळापर्यंत, आणि मूठभर कापूस बाहेर काढला. दबून पिवळट झालेला, पोह्यासारखा चपटा. तो त्याने बोटांनी ओढला, पुन्हा ओढला, आणि तो हळूहळू फुलायला लागला. मग माझ्या तळव्यावर ठेवला. त्याला वजनच नव्हतं.

"हाऊ कोनी पिकाडा?" त्याने विचारलं.

"आप्पानी," मी म्हणाले. "नदीन्या वावरमा. त्या वरीस पानी चांगलं व्हतं."

इद्रिसने मान डोलावली. घाई केली नाही. गिऱ्हाईक कोणी आलं तर गुलशन त्याला दारातूनच थांबवत होती. मी तो कापूस परत ढिगात टाकला आणि म्हणाले, "पिंज."

यंत्र सुरू झालं. गाळाभर पांढरं उडायला लागलं, उन्हाच्या पट्ट्यात तरंगायला लागलं, रूपालीच्या केसांवर, माझ्या पायांवर, इद्रिसच्या दाढीत, जिथे ते दिसतच नव्हतं. मी भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले. बघत राहायचं असं ठरवलं होतं, शेवटपर्यंत. पण त्या घरघरीत कधी डोळा लागला कळलं नाही. अख्ख्या कॉलनीच्या देखत, तोंड उघडं टाकून, मी तिथे झोपले. आप्पा आले नाहीत. कोणीच आलं नाही. नुसती झोप होती. रूपालीने चहाला उठवलं तेव्हा चार वाजले होते.